विजेची पाणपोई

मुखेडच्या बसस्थानकाजवळील एका चहाच्या दुकानात भिंतीला लागून असलेल्या फळीवर सात-आठ मोबाईल ओळीने मांडून ठेवलेले आम्ही पाहिले. प्रत्येकाला एकेक वायर लावलेली आणि साऱ्या वायरी एकाच बोर्डात खुपसलेल्या. त्यांचे धनी बाहेरच्या बाकावर बसून कोणी नांदेडच्या, कोणी उदगीरच्या, कोणी देगलूरच्या गाडीची वाट पाहत होते. दुकानदार कोणाकडून पैसा घेत नव्हता. आम्ही सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘पाण्याला का कोणी पैसे घेतंय, सर?’’ दाराशीच पाण्याने भरलेला रांजण आणि त्यावर पालथा घातलेला पेला होता. त्या रांजणाकडून फळीकडे आणि फळीकडून रांजणाकडे आमची दृष्टी दोन-तीनदा गेली आणि मनात आले की, या दुकानदाराने सहज बोलता बोलता एका मोठ्या इतिहासाचे सूत्रच आपल्या हाती दिले आहे. ही विजेची पाणपोई होय.

आज एस. टी.च्या गाड्यांत, रेल्वेच्या डब्यांत, विमानतळांवर आणि रुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांत अशा पाणपोया उभ्या आहेत. कोठे साधे प्लग, तर कोठे यू. एस. बी. या तीन अक्षरांनी ओळखले जाणारे चपटे पोर्ट. त्यांचा उपयोग आपण सारेच करतो. परंतु ही सोय आली कोठून, तिच्यात वेग किती आणि धोका किती, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो येथे करण्याचे योजिले आहे.

वाटसरूची तहान भागविणे हे आपल्या भूमीत फार प्राचीन काळापासून पुण्यकर्म मानले गेले आहे. विहीर, तलाव, प्रपा म्हणजे पाणपोई, धर्मशाळा ही सारी धर्मशास्त्रातील ‘पूर्त’ या सदरात येतात. हा केवळ ग्रंथातला उपदेश नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील लेख आहे. तापी, दमण इत्यादी नद्यांवर आपण फुकट तरी ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर उतारूंसाठी मंडप व पाणपोया उभारल्या, असे त्यात तो अभिमानाने नमूद करतो. जेथे प्रवाशाला थांबणे भाग पडते तेथेच सोय करावी, हे तत्त्व सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखात स्पष्ट दिसते. नदीच्या उताराची जागा आज बसस्थानकाने घेतली आहे, इतकाच फरक.

हालाच्या गाथासप्तशतीत पाणपोईचे एक मार्मिक चित्र आहे. पाणी घालणारीकडे अधिक वेळ पाहता यावे म्हणून वाटसरू ओंजळीची बोटे विरळ करतो आणि तीही त्याला अनुकूल होऊन धार बारीक करते. रसिकांना त्यातील शृंगार प्रिय वाटतो. आम्हांस मात्र आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाणी किती वेगाने पडावे हे एकट्या देणाऱ्याच्या हाती नाही आणि एकट्या घेणाऱ्याच्याही नाही. दोघांची संमती जुळेल तेवढीच धार वाहते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पाणपोईचा इतिहास केवळ पुण्याचा नाही, हेही सांगितले पाहिजे. रांजण एक, पण पेले दोन. किंवा एकाला पेला आणि दुसऱ्याला दुरून ओंजळीत धार, हा भेद आपल्या समाजाने शतकानुशतके चालविला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ प्रथमच कसोटीला लागला. मुखेडच्या त्या फळीवर कोणाचा मोबाईल कोणाच्या शेजारी ठेवला आहे, याची चौकशी कोणी करीत नव्हते. इतिहास वाचणाऱ्याला ही लहानशी गोष्ट लहान वाटत नाही.

आता विजेकडे वळू. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली आणि खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रातून त्या शहराला १९१५ साली वीज मिळू लागली. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राचे वीज मंडळ त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झाले. खेडोपाडी तारा पोहोचण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. आणि तारा पोहोचल्या तरी त्यांतून वीज वाहीलच अशी शाश्वती नव्हती. या शतकाच्या पहिल्या दशकातील भारनियमन येथील लोक विसरलेले नाहीत. नेमक्या त्याच काळात मोबाईल खेड्यांत शिरत होता. ज्याच्या घरी वीज असेल त्याच्याकडे मोबाईल नेऊन ठेवावा, तालुक्याच्या बाजाराला गेले की ओळखीच्या दुकानात तो लावून द्यावा आणि परतताना उचलावा, हा तेव्हाचा परिपाठ. सार्वजनिक पोर्ट शहरांत भिंतींवर दिसू लागण्यापूर्वीच मराठवाड्यातील दुकानांच्या फळ्यांवर त्याचा जन्म झालेला होता, असे म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्तीचे होणार नाही.

शक्तीचे नवे रूप बहुधा जुन्याच दारातून घरात येते, असा इतिहासाचा अनुभव आहे. घरांत वीज प्रथम आली ती केवळ दिव्यासाठी. भिंतीवर वेगळे प्लग नव्हते. म्हणून इस्त्री आणि पंखा लोकांनी दिव्याच्या होल्डरलाच जोडले. मोटारीत विडी-सिगारेट पेटविण्यासाठी केलेले छिद्र पुढे सर्व तऱ्हेच्या यंत्रांना वीज देणारे झाले. यू. एस. बी.ची कथा याच जातीची आहे, मात्र तिचा शेवट अधिक गुंतागुंतीचा आहे.

ही योजना मुळात वीज वाटण्यासाठी नव्हतीच. संगणकाला कळफलक एका खाचेत, छपाईयंत्र दुसऱ्या खाचेत, असा गोंधळ असे. तो संपवून सर्वांसाठी एकच जोड असावी, म्हणून सात कंपन्यांनी एकत्र येऊन काम केले आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. या कार्यात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा वाटा प्रमुख होता. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण ज्या नरेशाने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच्या नावाच्या विद्यापीठातून निघालेल्या पदवीधराने जगाला एक सामाईक जोड द्यावी, यात आम्हांस एक प्रकारचे औचित्य वाटते.

त्या जोडात चार तारा होत्या. दोन माहितीसाठी आणि दोन विजेसाठी. वीज ठेवली ती एवढ्यासाठीच की, लहानसहान उपकरणांना वेगळी वायर लागू नये. तिचे मान होते पाच व्होल्ट आणि फार तर अर्धा अँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॅट. पण १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियमच्या बॅटरीने खिशातील यंत्रे शक्य केली आणि त्या यंत्रांना रोज संध्याकाळी तहान लागू लागली. लोकांनी पाहिले की, संगणकाच्या या खाचेतून थोडी का होईना वीज मिळते. तेव्हापासून माहितीचे दार हळूहळू विजेचा नळ बनले. नियम करणाऱ्यांना मागाहून लोकांच्या मागे धावावे लागले. २००७ साली बॅटरी भरण्यासाठी निराळी नियमावली आली आणि धार दीड अँपिअरपर्यंत वाढली. २०१२ साली शंभर वॅटपर्यंत वीज देण्याची रीत ठरली, २०१४ साली दोन्ही बाजूंनी लागणारी टाईप-सी ही जोड आली आणि २०२१ साली ती मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलांना हीच जोड सक्तीची केली. अडीच वॅटपासून २४० वॅटपर्यंतचा हा प्रवास पंचवीस वर्षांतला आहे.

आता वेगाचा प्रश्न. ‘‘घरी तासाभरात भरतो, मग गाडीत चार तास लावूनही अर्धाच का?’’ हा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात. उत्तर साध्या भागाकाराचे आहे. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे एकोणीस वॅट-तास ऊर्जा मावते. अडीच वॅटच्या जुन्या पोर्टवर ती भरण्यास आठ तास लागतील. उष्णतेत वाया जाणारा अंश धरला तर नऊ. पंधरा वॅटवर तेच काम दीड-दोन तासांचे. शिवाय एकाच मुळातून चार पोर्ट काढलेले असले म्हणजे धार चौघांत वाटली जाते, आणि वायर बारीक व लांब असली तर तिच्यातच दाब उतरतो. पोर्ट जुना असेल, तर मोबाईल कितीही नवा असून उपयोग नाही. पोर्ट नवा असेल आणि वायर हलकी असेल, तरीही उपयोग नाही. नव्या जोडात मोबाईल आणि चार्जर प्रथम एकमेकांशी बोलतात, किती व्होल्ट व किती अँपिअर हे ठरवितात, आणि मगच धार मोठी होते. गाथेतील ओंजळ आणि धार यांचाच हा व्यवहार!

बॅटरीचाही एक स्वभाव आहे. रिकामी असताना ती झपाट्याने पिते; सुमारे ऐंशी टक्के भरली की, तिच्या रक्षणासाठी धार आपोआप बारीक होत जाते. म्हणून ज्याला गाडी येईपर्यंत वीसच मिनिटे आहेत, त्याने पूर्ण भरण्याचा हट्ट धरू नये. पहिली वीस मिनिटे ही शेवटच्या वीस मिनिटांहून कितीतरी फलदायी असतात. त्या वेळी पडदा बंद ठेवावा आणि यंत्र सावलीत ठेवावे. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो; तापलेली बॅटरी वीज घेईनाशी होते आणि तशाच स्थितीत ती वारंवार भरली, तर तिचे आयुष्य घटते.

इतके वेगाविषयी झाले. पाणपोईवर विचारावयाचा दुसरा प्रश्न याहून जुना आहे: पाणी स्वच्छ आहे काय?

वर सांगितलेल्या चार तारांत याचे उत्तर दडलेले आहे. ज्या जोडातून वीज आत येते, त्याच जोडातून माहितीही आत-बाहेर जाऊ शकते. भिंतीतील साध्या प्लगात हे भय नाही. तेथून येते ती निव्वळ वीज. पण भिंतीतील यू. एस. बी. पोर्टमागे काय आहे हे प्रवाशाला दिसत नाही. २०११ साली अमेरिकेतील लास व्हेगास येथे डेफकॉन या संगणकसुरक्षेच्या संमेलनात काही अभ्यासकांनी फुकट वीज देणारा एक खोका ठेवला. ज्यांनी आपले मोबाईल त्याला लावले, त्यांना पडद्यावर सूचना दिसली की, अशा अनोळखी ठिकाणी यंत्र लावणे धोक्याचे आहे. लावणारे लोक अडाणी नव्हते, याच विषयाचे जाणकार होते, हा त्यातील मर्मभाग. या चोरीला त्याच वेळी ‘ज्यूस जॅकिंग’ असे नाव पडले. २०१३ साली जॉर्जिया येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी चार्जरच्या वेषातील एका यंत्राने मिनिटभरात आयफोनमध्ये शिरकाव करून दाखविला. त्यानंतर उत्पादकांनी ‘या यंत्रावर विश्वास ठेवावा काय?’ असा प्रश्न पडद्यावर आणण्याची व्यवस्था केली. अँड्रॉइडच्या मोबाईलांतही २०१५ पासून वायर लावली असता केवळ वीज घेण्याचीच रीत मूळची ठरली. पण २०२५ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी असे सिद्ध केले की, लबाड चार्जर या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तरही स्वतःच देऊन मोकळा होऊ शकतो. ती फटही मग उत्पादक बुजवू लागले. कुलूप आणि किल्ली यांची ही शर्यत संपणारी नाही.

येथे एक विवेक राखला पाहिजे. प्रयोगशाळेत जे शक्य झाले, ते बाजारात सर्रास घडत आहे असे नव्हे. २०२३ साली अमेरिकेच्या एफ. बी. आय.च्या एका कार्यालयाने विमानतळांवरील असे पोर्ट टाळा असे सांगितले; परंतु त्याच देशातील दळणवळण आयोगाने, अशा चोरीची खात्रीलायक घटना आपल्या माहितीत नाही, असेही नमूद केले आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फसवणुकीच्या प्रकारांविषयी जी पुस्तिका काढली, तीत या प्रकाराचा समावेश आहे. तात्पर्य, घाबरून जाण्याचे कारण नाही, पण बेफिकीर राहण्याचेही नाही. ज्याचा मोबाईल केवळ बोलण्याचे साधन होता, त्याचे एके काळी फारसे बिघडण्यासारखे नव्हते. आज पिकाच्या अनुदानाचा संदेश, बँकेचा सांकेतिक आकडा, मुलाच्या प्रवेशाची पावती, हे सारे त्याच एका यंत्रात आहे. शेतकऱ्याच्या कोपरीच्या आतल्या खिशात पूर्वी जे चार रुपये असत, ते आता तेथे असतात.

मग करावे काय? आपल्या आजीने जे सांगितले तेच: पाणी गाळून प्यावे. अनोळखी गावचे पाणी ती कधी नाकारीत नसे. लुगड्याचा पदर भांड्याच्या तोंडावर धरून गाळून घेई. विजेचे गाळणे असे आहे. आपला चार्जर जवळ बाळगावा आणि शक्य तेथे साध्या प्लगातच लावावा. आपली पॉवर बँक असेल तर प्रथम ती भरावी आणि तिच्यावरून मोबाईल भरावा. मधल्या या घागरीत वीज साठते, माहिती नाही. पोर्टच वापरणे भाग असेल, तर तेथे टांगलेली परकी वायर न घेता आपली वायर लावावी, मोबाईल कुलूपबंद ठेवावा आणि पडद्यावर विश्वासाचा वा माहिती देण्याचा प्रश्न आला तर नकार द्यावा. माहितीच्या तारा तोडून केवळ वीज जाऊ देणारी लहानशी जोडही बाजारात मिळते. तिने कित्येक वेळा धार मंदावते, कारण चार्जर व मोबाईल यांचे बोलणेच खुंटते. पण गाळलेले पाणी सावकाशच पडावयाचे. आणि या साऱ्यापेक्षा साधी गोष्ट म्हणजे यंत्र नजरेसमोर ठेवावे. वायरीतून होणाऱ्या चोरीपेक्षा वायरीसकट होणारी चोरी आपल्याकडे अधिक संभवनीय आहे.

धोक्याचे तिसरे रूप आगीचे. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बंगळूरहून नांदेडला येणाऱ्या गाडीच्या वातानुकूलित डब्याला आंध्रात आग लागून सव्वीस प्रवासी मृत्यू पावले. नांदेडकडे निघालेली ती माणसे होती. त्या बातमीने या जिल्ह्यातील कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल. त्या दुर्घटनेनंतर रेल्वेच्या सुरक्षा आयुक्तांनी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यांतील मोबाईलचे प्लग बंद ठेवावेत अशी शिफारस केली, आणि मार्च २०२१ मध्ये रेल्वेने ती पुन्हा अंमलात आणली. रात्री प्लगात वीज नाही म्हणून प्रवासी रागावतात. त्या रागाला हा इतिहास ठाऊक नसतो. झोपेत, उशीखाली, गरम झालेल्या हलक्या वायरीवर यंत्र भरीत ठेवू नये, हा नियम सरकारने सांगण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

इतक्या धोक्यांचा पाढा वाचल्यावर कोणी म्हणेल की, मग ही पाणपोई नसलेलीच बरी. त्याला आमचे उत्तर मुखेडच देईल. १७ व १८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या पाणलोट क्षेत्रात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस पडला आणि रावणगाव, हासनाळ इत्यादी गावांत पाणी शिरले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली, शेकडो लोक अडकून पडले. आपत्तिदलाचे व सैन्याचे जवान त्यांना काढण्यास धावले. अशा रात्री प्रथम जाते ती वीज. त्या काळोखात उंचावर बसलेल्या माणसाच्या हातातील मोबाईलमध्ये दहा टक्के शिल्लक आहे की शून्य, हा सोयीचा प्रश्न राहत नाही. ‘आम्ही येथे आहोत’ एवढे तीन शब्द बाहेर पोहोचतात की नाही, हे त्यावर ठरते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा तहान म्हणजे काय हे या भागाने जगाला दाखविले होते. नऊ वर्षांनी त्याच भागाने दुसऱ्या तहानेचाही अर्थ दाखविला.

म्हणून पाणपोया वाढाव्यात. पण उषवदाताप्रमाणे प्रवाशाच्या मार्गाचा विचार करून वाढाव्यात. आमच्या मते बसस्थानकावर शोभेचे यू. एस. बी. पोर्ट चार बसविण्यापेक्षा साधे, मजबूत प्लग आठ बसवावेत. ते स्वस्त आहेत, त्यांतून माहिती जात नाही, आणि जोडाची फॅशन बदलली तरी ते जुने होत नाहीत. धार किती असावी हे प्रत्येकाचा स्वतःचा चार्जर ठरवील. ग्रामपंचायतीच्या इमारतीवर, शाळेवर, उंच जागी सूर्यप्रकाशावर चालणारी अशी एखादी सोय असली, तर पुराच्या रात्रीही तिचा आधार राहील.

मुखेडच्या त्या दुकानातून निघताना आम्ही आपला मोबाईल फळीवरून उचलला. तो बोर्डातल्या साध्या प्लगात, आमच्याच चार्जरने लावलेला होता. ती खबरदारी आम्ही घेतली होती. शेजारी एका म्हाताऱ्या बाईचा जुना, बटणांचा मोबाईल होता. ‘‘भरला का, बघा बरं जरा,’’ ती आम्हांस म्हणाली, ‘‘लेकीचा फोन यायचाय.’’ आम्ही पाहिले. भरला होता. तिने तो कमरेच्या पिशवीत ठेवला, रांजणातले पेलाभर पाणी घेतले आणि ती गाडीकडे चालू लागली.